हातमोज्याचं भोक

४ जानेवारी
वसतिगृह, खोली नंबर अठरा

प्रिय आत्या,

आधी पुडकं उघड, मग पत्र वाच. उलटं केलंस तर पत्र वाचून तुझं डोकं फिरेल आणि पुडकं तसंच पडून राहील.

उघडलंस? ते हातमोजे तुझ्यासाठी आहेत. सुट्टीत मी तुझा विसरलेला डबा द्यायला वर्कशॉपवर आले होते ना, तेव्हा तू ती रंगाची पावडर उडवणारी बंदूक घेऊन पलंगाच्या चौकटी रंगवत होतीस. तुझ्या दोन्ही हातमोज्यांना तळव्यावर रुपयाएवढं भोक होतं. वीस वर्षं तिथे काम करतेस आणि तुला धड हातमोजे देत नाहीत, याचा मला इतका राग आला होता, पण तुझ्या मॅनेजरसमोर बोलले नाही. इथे कॉलेजच्या मागे विजेच्या सामानाचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, यापेक्षा जाड रबर मिळणार नाही, खांबावर चढणारे लोक हेच घालतात. तेव्हा ते जुने आजच्या आज फेकून दे.

आता दुसरी गोष्ट. फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत मला तीसपैकी सात मार्क मिळाले. अख्खी चाचणी स्थितविद्युत या एकाच धड्यावर होती. सूत्रं मला तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवलंस तरी म्हणून दाखवीन. पण ती कशाबद्दल आहेत तेच कळत नाही. मॅडम फळ्यावर अधिकचं चिन्ह काढतात, उणेचं काढतात, मध्ये बाण काढतात, सगळा वर्ग मान हलवतो आणि मीही हलवते. चार्ज म्हणजे काय हे मला अजून एकदाही दिसलेलं नाही.

वीस फेब्रुवारीला फेरपरीक्षा आहे. त्यात नापास झाले तर हा विषय सोडावा लागेल. मला वाटतं, तोपर्यंत तरी कशाला थांबायचं? आत्ताच घरी येते. मी हल्ली जे करायला जाते ते उलटंच होतं. बाबांना तू सांगशील का? घरचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि आई शेजारीच बसलेली असते, म्हणून तुला वर्कशॉपच्या पत्त्यावर लिहिते आहे.

तुझी भिंगरी
(जी सध्या फिरायची थांबली आहे)

———

११ जानेवारी

भिंगरे,

हातमोजे मिळाले. माप अगदी बरोबर, जणू माझा हात सोबत घेऊन दुकानात गेली होतीस. त्याच दिवशी घातले. आमचा भट्टीवाला म्हणाला, बाई, आज काय, एकदम सर्जन झालात. मी म्हटलं, माझ्या भाचीने पाठवलेत, ती फिजिक्स शिकते. जरा मान ताठ करूनच सांगितलं. त्यामुळे तू आता फिजिक्स सोडून चालणार नाही, माझी इथे अब्रू जाईल.

दादाला मी काही सांगणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वीस फेब्रुवारीपर्यंत झाकून ठेव, नंतर तुझी तू उघड. सात मार्क म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. तुझ्या बापाला एका वर्षी गणितात चार होते आणि प्रगतिपुस्तकावर आमच्या वडिलांची सही मी केली होती. हे त्याला विचारू नकोस.

चार्ज तुला दिसत नाही म्हणतेस. मला तर रोज दिसतो, फक्त त्याला काय म्हणतात हे माहीत नव्हतं. माझी बंदूक आहे ना, तिच्या तोंडाशी एक बारीक सुई असते. पावडर तिच्या जवळून बाहेर पडते आणि पडताना भारली जाते. जुने मिस्त्री सांगायचे, तिला उणे भार चढतो. समोर हुकाला चौकट टांगलेली असते. हूक वरच्या लोखंडी दांडीला, दांडी तारेने जमिनीला. बंदुकीचा चाप ओढला की पावडर ढगासारखी निघते आणि चौकटीकडे धावते. गंमत म्हणजे, ती फक्त पुढून बसत नाही. चौकटीच्या नळीच्या मागे वळून पाठीवरही जाऊन बसते, जिथे मी बंदूक नेलेलीही नसते. मग चौकट भट्टीत जाते, पावडर वितळते आणि रंग पक्का होतो.

आता मला सांग. त्या चौकटीला आम्ही वीज देत नाही, नुसती जमिनीला बांधलेली असते. तरी पावडर तिच्याकडे का धावते? मिस्त्रींना विचारलं तर म्हणायचे, ओढ असते. कसली ओढ ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. तू शोधून कळव.

आणि घरी यायचं ते सुट्टीत.

आत्या

———

१९ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझ्या पत्राने माझी झोप गेली, पण चांगल्या अर्थाने. बाबांचे चार मार्क मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. मन खचलं की उघडून बघते.

ओढीचं उत्तर सापडलं. पुस्तकात ते पान मी दहा वेळा वाचलं होतं, पण तिथे नुसते दोन गोळे आणि एक दांडा होता, आणि त्या गोळ्यांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. या वेळी मी गोळ्याच्या जागी तुझी चौकट ठेवली. चौकट लोखंडाची, म्हणजे तिच्यात उणे भार मोकळे हिंडत असतात. समोरून उणे भाराची पावडर आली की सारख्याला सारखं नको असतं, त्यामुळे चौकटीतले उणे भार मागे रेटले जातात. आणि पळायला वाट आहे! हूक, दांडी, तार, जमीन. ते पळाले की चौकटीच्या अंगावर अधिक भार उरतो आणि तो पावडरला ओढून घेतो. म्हणजे चौकटीला कुणी काही दिलंच नाही. तिच्यातलं थोडं जाऊ दिलं, एवढंच. याला प्रवर्तन म्हणतात. तू वीस वर्षं प्रवर्तन करते आहेस, आत्या.

खोलीतली मैत्रीण विचारत होती, एकटीच का हसतेस. मी तिला कोरडे केस विंचरून कंगव्याने कागदाचे कपटे उचलून दाखवले. मग सगळ्या मजल्यावरच्या मुली आपापले कंगवे घेऊन आल्या आणि वॉर्डनबाईंनी येऊन दिवे बंद केले.

एक शंका. पुस्तकात आहे की दोन भारांमधलं अंतर दुप्पट केलं की जोर निम्मा नाही, चौथाई होतो. तिप्पट केलं तर नववा हिस्सा. तुझ्याकडेही असं होतं का? मॅडम म्हणाल्या, हा नियम अगदी ठिपक्याएवढ्या भारांचा आहे, मोठ्या वस्तूंना सरळ लावायचा नाही. पण साधारण?

हातमोजे अजून घालतेस ना? की कपाटात ठेवलेस जपून? तुझा काही नेम नाही.

भिंगरी
(फिरू लागली आहे, हळूहळू)

———

२८ जानेवारी

भिंगरे,

उत्तर वाचून मी भट्टीवाल्याला ऐकवलं. त्याला काही कळलं नाही, पण तो म्हणाला, पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, आत्यावर गेली आहे.

तुझा चौथाईचा नियम मी मोजलेला नाही, पण बंदूक मी नेहमी वीतभर अंतरावर धरते. नवीन बाई कामाला लागली की भीतीने हातभर लांब धरते, आणि दिवसअखेर अर्धी पावडर जमिनीवर झाडायला लागते. फार जवळ नेली तरी पंचाईत. पावडरचा थर जाड झाला की तोच नव्या पावडरला बसू देत नाही, रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. सारख्याला सारखं नको, हे तू लिहिलंस तेव्हा मला ते संत्रं आठवलं.

आता हुकांची गोष्ट सांगते, कारण त्यावरून मी पहिल्या महिन्यात मिस्त्रींच्या शिव्या खाल्ल्या आहेत. चौकटीबरोबर हुकावरही रंग चढतो. चार-पाच फेऱ्या झाल्या की हूक गुळगुळीत, सुंदर दिसतो आणि चौकट काही केल्या पावडर धरत नाही. रंगातून वीज जात नाही, जमिनीची वाट बंद. म्हणून दर शनिवारी आम्ही हूक तासून उघडे करतो. मिस्त्री म्हणायचे, हूक कुरूपच पाहिजे.

आणि हा माझा प्रश्न. सध्या मीटरच्या पेट्यांचं काम आलंय. बाहेरून पेटी झकास रंगते. आतल्या कोपऱ्यांत मात्र पावडर शिरायलाच तयार नाही. कडांवर ढीग होतो आणि कोपरा कोरडा. बंदुकीचा जोर वाढवला की आणखी वाईट. जोर कमी करून, हळूच, लाडीगोडी लावत गेलं तर थोडी शिरते. असं का? माणसांच्या बाबतीत मला कळतं, पावडरच्या बाबतीत कळत नाही.

बाकी ठीक. हवा फार कोरडी आहे. हल्ली बंदूक चालवताना हातावरची लव उभी राहते आणि मध्येच हातमोजा काढून कशाला हात लावला की चावतं. परवा पावडरच्या पिंपाच्या कडेला कोपर लागलं तर चट् करून ठिणगी. भट्टीवाला म्हणतो, बाई, तुम्ही स्वतःच वीजकंपनी काढा. चालायचंच.

हातमोजे रोज घालते. कपाटात ठेवायला मी काय म्हातारी झालेय?

आत्या

———

६ फेब्रुवारी, दुपार

आत्या,

ते हातमोजे घालू नकोस. एकदाही नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

मी कोपऱ्याचं उत्तर शोधत होते. ते सापडलं. बंदुकीपासून पेटीकडे जाणाऱ्या ओढीच्या रेषा पहिल्या भेटणाऱ्या लोखंडावर, म्हणजे कडांवरच संपतात. लोखंडी पेटीच्या आत ओढ पोचतच नाही, म्हणून कोपरा कोरडा. जोर वाढवला की कडाच जास्त ओढतात. हे नीट कळावं म्हणून मी मोठ्या कागदावर तुझी अख्खी खोली काढली. पेटी काढली, हूक, दांडी, तार, जमीन. मग बंदूक काढली, तिची केबल, केबलमधली जमिनीला जाणारी तार. प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून जमिनीपर्यंतची वाट गिरवली. सगळ्यांना वाट होती. मग तुला काढलं. पायात रबरी तळाचे बूट, कारण तुझे कॅनव्हासचे बूट मी पाहिलेत. हातात माझे हातमोजे. आणि तुला कुठूनच वाट नव्हती.

ते भोक फाटून झालेलं नव्हतं ना? कुणीतरी कापलं होतं. उघडा तळवा बंदुकीच्या मुठीला लागावा, मूठ तारेने जमिनीला जोडलेली असते, म्हणून तुझ्या अंगावर चढलेला भार तिथून निघून जावा. मी ती वाट जाड रबराने बंद केली. महिनाभर तू सुईसमोर उभी राहून भार साठवत होतीस, आणि तुझ्याभोवती हवेत बारीक पावडर. पुस्तकात तळटीप आहे, अशा धुळीला ठिणगीने आग लागू शकते. तू ठिणगीबद्दल लिहिलंस आणि मी तो परिच्छेद हसून वाचला.

हे कळल्याबरोबर मी वर्कशॉपला फोन लावला. कारकून म्हणाला, बाई मंगळवारपासून आल्या नाहीत, जास्त माहीत नाही. मग घरी फोन लावला. बाबा म्हणाले, आत्या ठीक आहे, कोपराला लागलंय, आत झोपली आहे. आई शेजारी होती म्हणून मला पुढे काही विचारता आलं नाही. तुला काय झालं ते मला खरं लिही.

मी परीक्षेला बसणार नाही. मॅडमनी सात मार्क दिले तेच जास्त होते. ज्या मुलीला रबर कुठे घालायचं आणि कुठे नाही हे कळत नाही, तिने बाजारात बसून हातमोजे विकावेत. मी जे करते ते उलटं होतं असं लिहिलं होतं ना, ते हातमोजे पाठवतानाच लिहिलं होतं, आणि मला दिसलंसुद्धा नाही.

आत्या, मला माफ कर.

भिंगरी

———

११ फेब्रुवारी

माझ्या भिंगरे,

अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. उजवं कोपर सुजलंय, मोडलेलं नाही. डॉक्टरने आठ दिवस आराम सांगितलाय आणि तुझी आई मला कपसुद्धा उचलू देत नाही, त्यामुळे मी खरी आजारी आहे ती कंटाळ्याने.

सोमवारी बंदूक ठेवली, हातमोजे काढून वळले, रॅकला बोट लागलं आणि असा झटका बसला की हात मागे उडून खांबावर आपटला. पावडर त्या वेळी बंद होती. आग नाही, धूर नाही, काही नाही. घडलं ते एवढंच. यातलं एक अक्षर मी झाकलेलं नाही.

झाकलेलं ते दुसरं आहे, आणि तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. भोक का असतं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कामावर लागले त्या सकाळी मिस्त्रींनी माझे कोरे हातमोजे हिसकावून घेतले आणि तळव्यावर कात्रीने गोल कापला. म्हणाले, हात मुठीला लागला पाहिजे, नाहीतर एक दिवस चावेल. का चावेल ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नाही. तुझं पुडकं उघडलं तेव्हा मी पहिल्यांदा कात्रीच घेतली होती. मग तुझं पत्र वाचलं. सात मार्क, मी करते ते उलटंच होतं, घरी येते. कात्री खाली ठेवली.

अशा वेळी तुला कसं लिहायचं, की बाई, तुझे हातमोजेही चुकले? तू पहिल्याच गाडीने परत आली असतीस. आणि न सांगता कापायचे म्हटलं तरी माझा हात धजेना. तू माझ्यासाठी स्वतःहून आणलेली ती पहिली वस्तू. म्हटलं, वीस फेब्रुवारी होऊ दे, मग बघू. चावलं की हवेवर ढकललं. वीस वर्षांचा अनुभव आणि अक्कल पाच पैशांची. मॅनेजरला कळलं तर मला कामावरून काढेल आणि ते बरोबरच होईल. माझ्याबरोबर तिथे आणखी सहा माणसं उभी असतात. तू एक माफी मागितलीस, तेव्हा ही माझी घे. मी मोठी, म्हणून माझी मोठी.

आता शांतपणे ऐक. हूक का तासतात, हे मी तुला सांगितलं होतं. रेषांचं पुस्तकात होतं. पण मी हुकासारखीच रंगून बसले आहे, माझी वाट बंद झाली आहे, हे तुला कुणीही सांगितलं नव्हतं. मी तर लपवलंच होतं. तू तुझ्या खोलीत बसून, कागदावर बोट फिरवून ते शोधलंस. जी गोष्ट मिस्त्रींना आयुष्यभर सांगता आली नाही ती तुझ्या पत्रात चार ओळींत आहे. चार्ज दिसत नाही म्हणत होतीस. माझ्या अंगावरचा चार्ज तुला इतक्या लांबून दिसला, आणि समोर उभ्या असलेल्या भट्टीवाल्याला दिसला नाही.

परीक्षेला बसायचं की नाही हे तुझं तू ठरव, मी आत्या आहे, मॅडम नाही. पण न बसण्याचं कारण म्हणून हे हातमोजे पुढे करू नकोस. ते कारण आता उरलं नाही. काल भट्टीवाल्याने तुझं पत्र आणि हातमोजे घरी आणून दिले, पत्र वाचलं आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या, दोन्ही कापले. परत कामावर जाईन ती तेच घालून. रबर खरंच जाड आहे, कात्री दोनदा बदलावी लागली.

कापलेले दोन गोल पाकिटात घातले आहेत. फेकायला जीव झाला नाही.

तुझी आत्या

———

३ मार्च

प्रिय आत्या,

मी बसले. तीसपैकी बावीस मिळाले.

आठ कुठे गेले ते विचारशील म्हणून सांगते. एका प्रश्नात मी हिशोबात दशांशचिन्ह हरवलं आणि एका प्रश्नाला वेळच उरला नाही, कारण आधीच्या प्रश्नात जमिनीशी जोडणं म्हणजे काय ते दोन वाक्यांत लिहायचं होतं आणि मी दीड पान लिहिलं. हूक, पेटी, मूठ, सगळं. मॅडमनी समासात लाल शाईने लिहिलंय, "हे कुठे वाचलंस?" मी वर्ग संपल्यावर जाऊन सांगितलं की वाचलं नाही, माझ्या आत्याच्या पत्रांत होतं. त्यांनी तुझी पत्रं मागितली आहेत. बाबांच्या चार मार्कांचा परिच्छेद झाकून देईन.

घरीही मीच सांगितलं. फोन केला, म्हटलं, स्पीकर चालू आहे ना, असू दे, आई तूही ऐक. सात मार्कांचं सांगितलं, हातमोज्यांचं सांगितलं, मग बावीस सांगितले. मग आई म्हणाली, "एवढं सगळं झालं आणि माझ्याच घरात मला कुणी सांगितलं नाही." तिचा राग तुझ्यावर जास्त आहे, तयारीत राहा. बाबा मागून हळूच म्हणाले, चारपेक्षा सात बरे. म्हणजे त्यांना संशय आला आहे.

आता तुझे गोल. मी ते परीक्षेला खिशात ठेवले होते. काल प्रयोगशाळेत मॅडम एका पितळी डब्यावर भार चढवून दाखवत होत्या आणि तो टिकतच नव्हता, टेबलातून निघून जात होता. त्या म्हणाल्या, खाली घालायला काहीतरी हवं होतं. मी खिशातून तुझा एक गोल काढून दिला. डबा त्यावर ठेवला आणि भार टिकला. अख्ख्या वर्गाने पाहिला. मी पहिल्यांदा मान हलवली नाही, नुसती बघत राहिले. मॅडमनी तो गोल प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून घेतला आणि वर चिठ्ठी लावली, कारण अशी जाड वस्तू त्यांच्याकडे नव्हती. म्हणजे माझी चूक आता नोकरीला लागली आहे.

दुसरा गोल मी त्यांना दिला नाही. तो अजून खिशात आहे. तुझा तळवा तेवढ्या जागेत उघडा आहे आणि मुठीला लागला आहे, हे मला रोज हाताला कळायला हवं.

सुट्टीत येते. या वेळी वर्कशॉपवर डबा घेऊन येईन तेव्हा आधी तुझा हात बघणार, मगच डबा देणार.

तुझी भिंगरी